बाईंच्या दोन परड्या

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं, त्यात ‘आठवणी लिहून पाठवाव्यात’ ही ओळ वाचली आणि काय लिहायचं ते तिथेच ठरलं. बाईंवर लिहायचं. आपल्या शाळेत बाई पुष्कळ होऊन गेल्या, पण जुन्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत ज्यांनी विज्ञान शिकलं त्यांच्या लेखी बाई म्हणजे एकच. त्यामुळे नाव लिहीत नाही. स्नेहसंमेलनं, सहली, खो-खोचा चषक यावर बाकीची मंडळी लिहितीलच.

मी आठवीत होते. नवरात्र सुरू झालं होतं. बाईंनी वर्गात विचारलं, “घरी घट कुणाकुणाचे बसलेत?” जवळजवळ सगळ्यांचे हात वर गेले. “घटातलं धन उगवतं ते कोणत्या रंगाचं?” “पिवळं!” “आणि रानातला गहू?” “हिरवा!” “असं का?” वर्ग गप्प. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, देवीला पिवळा रंग आवडतो म्हणून. बाई हसल्या नाहीत. “आवडत असेल,” म्हणाल्या, “पण आपल्याला कसं कळेल?” एकजण उत्साहाने म्हणाला, मी आमचा घट उन्हात ठेवून बघतो. त्याला बाईंनी तिथेच थांबवलं. “घट बसला की हलवायचा नसतो. आजीला दुखवून विज्ञान शिकायचं नाही. आपण आपल्या परड्या करू.”

दुसऱ्या माळेला आम्ही दोन परड्यांत काळी माती भरली, भिजवलेला गहू पेरला आणि दोन्ही परड्या प्रयोगशाळेतल्या लाकडी कपाटात ठेवल्या. त्या कपाटाची दारं घट्ट बसायची, आत अजिबात उजेड नसायचा. पाणी घालायचं तेही संध्याकाळी, खिडक्या लावून. बाईंचा बेत असा होता की दसऱ्याची सुट्टी संपली की एक परडी बाहेर काढायची आणि रोज तिच्या रंगाची नोंद करायची.

पण मध्ये खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला आणि तराजूला हार घालून पूजा होत असे, ते सगळ्यांना आठवत असेल. त्यासाठी शिपाईमामांनी सकाळी लवकर येऊन प्रयोगशाळा झाडूनपुसून काढली. कपाटाचा खण पुसायला त्यांनी एक परडी उचलून खिडकीत ठेवली आणि ती तिथेच राहिली. दुसरी आतच सरकवून कपाट लावून टाकलं. दुपारच्या सुट्टीनंतर आम्ही गेलो तर खिडकीतली परडी हिरवी झालेली! पोपटी म्हणावं इतकी कोवळी हिरवी, पण हिरवीच. कपाटातली काढून शेजारी ठेवली तर ती पिवळीधमक, पाती उंच, लुसलुशीत, आडवी पडू लागलेली.

प्रयोग बिघडला म्हणून आम्ही पोरं हळहळलो. मामांचा चेहरा उतरला होता. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, “मामा, परडी किती वाजता बाहेर काढलीत?” मामा म्हणाले, “आठचा भोंगा झाला तवा.” “ऊन होतं का खिडकीत?” “न्हाई बाई, ऊन त्या अंगाला दुपारी येतं. नुसता उजेड.” बाईंनी फळ्यावर तारीख घातली, वेळ लिहिली, ‘थेट ऊन नाही’ असं लिहिलं आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘प्रयोगकर्ते’ म्हणून मामांचं नाव लिहिलं. मग आमच्याकडे वळल्या. “आठ दिवस अंधारात जे झालं नाही ते एका सकाळीत झालं. म्हणजे रोपाने अंधारात सगळी तयारी करून ठेवली होती. कशाची वाट बघत होतं ते?”

हे वाक्य मी आयुष्यभर बरोबर वागवलं आहे.

सुट्टीनंतर बाईंनी हिरवी पानं खलात वाटून त्यांचा अर्क काढला, गाळणकागदाच्या पट्टीवर त्याचा ठिपका दिला आणि पट्टी पेट्रोलियम ईथर आणि अ‍ॅसिटोनच्या मिश्रणात उभी केली. मिश्रण वर चढत गेलं तसे रंग वेगळे होत गेले. सगळ्यांत वर केशरी-पिवळा कॅरोटीन, त्याखाली पिवळं झँथोफिल, मग निळसर हिरवं हरितद्रव्य ‘अ’ आणि खाली पिवळट हिरवं ‘ब’. “हिरव्या पानातसुद्धा पिवळा रंग असतोच,” बाई म्हणाल्या. “हिरवा आल्यावर तो झाकला जातो.” त्स्वेत नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडून हे रंग वेगळे केले आणि १९०६ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली, हेही त्यांनी सांगितलं. आठवीच्या पुस्तकात यातलं काहीही नव्हतं. शेवटी एका मुलीने विचारलं, मग हळदीचा पिवळाही हाच का? बाई म्हणाल्या, “नाही, हळदीतलं कुरक्युमिन वेगळ्या घराण्यातलं. पिवळं दिसलं की एकच समजायचं नाही.”

पुढे राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठात गेले आणि बाईंच्या प्रश्नाचं उत्तर हाती लागलं. रोप ग्लुटामिक आम्लापासून सुरुवात करून पायरी पायरीने मोठं कडं बांधतं, त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम बसवतं आणि प्रोटोक्लोरोफिलाइड नावाच्या पदार्थापर्यंत येऊन थांबतं. गहू, ज्वारी, टोमॅटो अशा सपुष्प वनस्पतींत पुढची पायरी जे विकर, म्हणजे एन्झाइम, करतं ते प्रकाश पडल्याशिवाय कामच करत नाही. अंधारात ते विकर त्या पदार्थाला धरून पानाच्या फिकट कणिकांत तयार असतं. उजेड पडला की क्षणात दोन हायड्रोजन जोडले जातात, मग फायटॉलची लांब शेपटी लागते आणि हरितद्रव्य तयार होतं. हा पहिला साठा डोळ्यांना हिरवा दिसण्याइतका नसतो. तो वापरला गेला की नवं भराभर बनू लागतं आणि काही तासांत पान हिरवं होतं. मामांच्या परडीत आठ ते तीन एवढ्या वेळात हेच झालं होतं. पुस्तकातलं ते पान वाचताना मला फळ्यावरचं मामांचं नाव दिसत होतं.

आज माझी रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, झेंडू. आसपासच्या चार तालुक्यांतले शेतकरी रोपं नेतात, गावातल्या बऱ्याच बायकांना बारमाही काम मिळतं, आणि याचा मला अभिमान आहे. कोकोपीट भरून बी टोकलं की ट्रेची थप्पी लावून प्लॅस्टिकने झाकायची, आत ऊब आणि ओल राहते, बी एकसारखं उगवतं. टोमॅटोची थप्पी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उघडावी लागते, मिरचीला आठवडाभर लागतो. कोंब दिसला की एक दिवसही जास्त झाकून ठेवायचं नाही, नाहीतर रोप लांबोडकं आणि पिवळं होतं, आणि तसं रोप पुढे खोड धरत नाही. उघडलेले ट्रे आम्ही थेट उन्हात मांडत नाही, आधी पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली. नवीन आलेल्या बाया विचारतात, हिरवं व्हायला ऊन पाहिजे ना, मग सावलीत का? त्यांना मी बाईंचीच रीत वापरून दोन ट्रे शेजारी ठेवून दाखवते.

याचं कारण त्या पिवळ्या रंगात आहे, आणि ते मला माझ्या लेकीने नीट समजावलं. ती तेव्हा पुण्यात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. हरितद्रव्याने पेलवेल त्यापेक्षा जास्त प्रकाश घेतला की ती ऊर्जा ऑक्सिजनकडे जाते आणि तो ऑक्सिजन पेशीच जाळू लागतो. कॅरोटिनॉइड, म्हणजे पट्टीवर दिसलेले ते केशरी-पिवळे रंग, ही जादा ऊर्जा स्वतःवर घेऊन उष्णतेच्या रूपात सोडून देतात. मक्यात टेंबोट्रायोन मारल्यावर तण पांढरंफट्ट पडतं हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी पाहिलेलं आहे. ते तणनाशक हिरव्या रंगाला हात लावत नाही, ते कॅरोटिनॉइड तयार होण्याची वाट अडवतं. राखण करणारं पिवळं नसलं की हिरवं उन्हात टिकत नाही.

म्हणून रोपाला दोन्ही रंग बरोबरीने वाढवावे लागतात. अंधारात पिफ नावाची प्रथिनं दोन्हींच्या निर्मितीवर लगाम ठेवतात. पान उजेडात आलं की फायटोक्रोम हे प्रकाश ओळखणारं प्रथिन जागं होतं, पिफ नष्ट होतात आणि दोन्ही कामं एकदम सुटतात. कॅरोटिनॉइडच्या वाटेवरचं पहिलं विकर बनवणाऱ्या जनुकाला या पिफपैकी पिफ१ थेट धरून ठेवतं, हे अमेरिका आणि स्पेनमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावर दाखवलं. हरितद्रव्याची शेपटी आणि कॅरोटिनॉइड ही दोन्ही एकाच कच्च्या मालापासून बनतात, ही गोष्ट तर मला फारच आवडली.

हे कळलं त्या दिवाळीत मी लेकीला घेऊन बाईंकडे गेले. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, नजर कमी झाली होती. लेक सांगत होती आणि बाई वहीत लिहून घेत होत्या. वयाची ऐंशी ओलांडलेल्या बाई! मध्येच थांबवून म्हणाल्या, “हे सगळ्या झाडांत असंच असतं का गं?” लेक म्हणाली, “नाही आजी, चिडाचं, म्हणजे पाइनचं, रोप अंधारातही हिरवं होतं. त्याच्याकडे प्रकाश न लागणारं दुसरं विकर असतं.” बाईंनी तेही लिहिलं, खाली रेघ मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बघ, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं.” मी म्हटलं, “बाई, त्या अर्ध्यावर माझं घर चाललंय.” बाई आता नाहीत. ती वही त्यांच्या सुनेने मला दिली आहे, ती महोत्सवाच्या प्रदर्शनात ठेवायला मी देईन.

मागच्या वर्षी शाळेत आले होते. नवी इमारत देखणी आहे, प्रत्येक वर्गात पडदा आहे, त्यावर हरितद्रव्य कसं बनतं त्याची चित्रफीतही आहे. मुलं ती बघतात आणि पाठ करतात. प्रयोगशाळेच्या दाराला मात्र कुलूप होतं. शिकवणाऱ्यांना दोष देत नाही, त्यांच्यामागे कामं किती असतात ते दिसतं. तरी वाईट वाटलं ते वाटलंच. आपली आपण पेरलेली परडी दुपारी हिरवी झालेली बघणं निराळं असतं.

म्हणून समितीकडे एक मागणं आहे. बाईंच्या नावाने पुतळा, कमान असं काही करू नये. येत्या घटस्थापनेला आठवी-नववीसाठी परड्या, चाळलेली काळी माती आणि गहू मी पोहोचवीन, दरवर्षी पोहोचवीन. प्रयोगशाळेतलं लाकडी कपाट अजून शाबूत आहे असं मुख्याध्यापकांनी सांगितलं, तेवढं रिकामं करून द्यावं. गाळणकागद आणि रसायनांचा खर्च माझ्याकडे. आणि एखादा वर्ग रोपवाटिकेवर आणायचा असेल तर मिरचीच्या थप्प्या उघडायच्या दिवशी आणावा. सकाळी आठपर्यंत या आणि चारपर्यंत थांबा, रंग बदलताना दिसेल. मुलांच्या जेवणाची सोय आमच्याकडे आहे.

— एक माजी विद्यार्थिनी, दहावी, १९८९