परत न दिलेली सायकल

गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकलेली सायकल मेकॅनिकने अडवून ठेवावी का, हा प्रश्न या हिवाळ्यात माझ्यासमोर उभा राहिला आणि मी सायकल अडवली. जे केले ते योग्य होते असे मला आजही वाटते. परंतु तसे करण्याचा अधिकार मला कोणी दिला होता, हे कोडे मनातून जात नाही, म्हणून घडले ते सविस्तर लिहितो आहे.

माझे सायकलचे दुकान परतवाड्यात आहे. आमच्या भागात डोंगरी सायकलींचा हंगाम हिवाळ्याचा असतो, हे बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. पावसाळ्यात काळी माती टायर आणि चिमटा, म्हणजे पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क, यांच्या मधल्या जागेत अशी ठासून भरते की चाक फिरेनासे होते, आणि उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर रस्त्यावर उभे राहवत नाही. दिवाळी उरकली, कापसाचा पहिला वेचा घरात आला, पांदण रस्ते वाळून टणक झाले की तरुण मुलेमुली गिअरच्या सायकली विचारायला येऊ लागतात. सगळ्यांचे लक्ष चिखलदऱ्याकडे असते. इथून धामणगाव गढीवरून घाट चढायचा, सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या त्या गावात चहा घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत खाली उतरायचे, असा बेत असतो. चढताना थकतो तो माणूस. सायकलीत काय उणे आहे ते उतरताना कळते.

ही सायकल चांदूर बाजारकडच्या एका संत्रा बागायतदाराच्या मुलीची होती. शिक्षण संपवून ती घरी आली होती आणि बागेच्या हिशेबात वडिलांना मदत करत होती. वडिलांनी तिला शहरातून १५ ते २० हजारांच्या गटातली हार्डटेल, म्हणजे पुढे शॉकअप आणि मागे काहीच नाही अशी सायकल आणून दिली होती. या किमतीत जे मिळते तेच तिच्यात होते: ॲल्युमिनियमची फ्रेम, स्प्रिंगचा ८० मिलिमीटर दबणारा चिमटा, वायरने ओढले जाणारे डिस्क ब्रेक आणि मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यावर, आट्यांनी बसणारे फ्रीव्हील. दिवाळीनंतर ती दुकानात आली आणि म्हणाली, "काका, थंडीत घाट चढायचा आहे. हिच्यात काय काय बदलावे लागेल?"

असा प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक फार क्वचित येते. बहुतेक जण मोबाइलवर व्हिडिओ पाहून यादीच घेऊन येतात आणि त्या यादीत सर्वांत वर चिमटा असतो, कारण तो दिसतो. मी पैशांचा क्रम नेहमी उलटा लावतो. आधी टायर, मग ब्रेक, मग बेअरिंग, मग गिअर, आणि एवढे झाल्यावर पैसे उरलेच तर चिमटा. व्हिडिओ करणाऱ्यांना नवी चकाकणारी वस्तू दाखवायची असते. जुन्या हबमध्ये ग्रीस भरताना पाहायला कोणी थांबत नाही, म्हणून ते काम कोणी दाखवत नाही. नव्या सायकलचे हब कारखान्यातून पुष्कळदा इतके कोरडे येतात आणि कोन, म्हणजे छर्ऱ्यांना दाबून धरणारे शंकूसारखे नट, इतके आवळलेले असतात की एका हंगामात त्यांच्यावर खड्डे पडतात. तिचे दोन्ही हब मी उघडले, छर्रे रॉकेलमध्ये धुतले, भरपूर ग्रीस घालून कोन पुन्हा बसवले. चाक उचलून फिरवल्यावर व्हॉल्व्हच्या वजनाने ते मागेपुढे झुलत हळूहळू थांबले पाहिजे. तसे थांबेपर्यंत मी पाना खाली ठेवत नाही.

टायरचे आमच्याकडचे गणितच निराळे आहे. पावसाळा सरल्यावर सराटे वाळतात आणि बांधावर, पांदणीच्या कडेला त्यांचा सडा पडतो. बाभळीचे काटे तर बारमाही. यावर उपाय म्हणून लोक कॉम्प्रेसरवर ५० ते ६० पौंड हवा ठासून भरतात. त्याने काटा काही अडत नाही, उलट खडीवर टायर उड्या मारते. तिच्या वजनाची स्वारी आणि २.१ इंची टायर असेल तर ३० पौंडांच्या आसपास हवा पुरते. ट्यूबला मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह होता, त्याची पिन काढून आत सीलंट सोडले. बारीक काटा रुतला तर भोक आतल्या आत बुजते आणि घरापर्यंत येता येते. रिमा ट्यूबलेससाठी बनवलेल्या नव्हत्या, त्यामुळे त्या वाटेला गेलो नाही.

ब्रेकवर मी सर्वांत जास्त वेळ दिला. वायरच्या स्वस्त डिस्क ब्रेकमध्ये बाहेरचे एकच पॅड हलते. ते डिस्कला दाबून आतल्या स्थिर पॅडवर वाकवते. आतल्या पॅडचे अंतर कागद सरकेल इतकेच ठेवले तर लिव्हर भुसभुशीत लागत नाही. आउटर, म्हणजे केबलचे बाहेरचे आवरण, मी बदललीच. कित्येक दुकानांत शिल्लक राहिलेली गिअरची आउटर ब्रेकला लावून देतात, आणि हे पाहून माझा संताप होतो. गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या घातलेल्या असतात. ब्रेकचा जोर आला की त्या फाकतात आणि आउटर मधूनच फुटू शकते. गिऱ्हाइकाला दोन्ही केबल काळ्याच दिसतात, त्यामुळे लावणाऱ्याला कोणी विचारत नाही. पॅड नवे घातले आणि वेग घेऊन चालण्याच्या गतीपर्यंत आणायचे, असे पुन्हा पुन्हा करून ते डिस्कवर घासून बसवायचे, हे तिच्याकडून दुकानासमोरच्या रस्त्यावर करून घेतले. चिमटा आहे तोच ठेवायचा, असे आमचे ठरले. जड होता, अंगचा मऊपणाही फारसा नव्हता, पण सरळ होता आणि त्या फ्रेमसाठीच बनवलेला होता.

डिसेंबरात ती पुन्हा आली, तेव्हा सायकलला निराळाच चिमटा होता. पुण्यातल्या एका नातेवाइकाने आपला जुना, हवेवर चालणारा, १२० मिलिमीटरचा चिमटा पाठवला होता आणि वडिलांनी तो शहरातल्या एका दुकानातून बसवून आणला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मावसभावंडांबरोबर चिखलदऱ्याला निघणार होती. तक्रार एवढीच होती की उभे राहून पायडल मारले की पुढून करकर आवाज येतो.

८० मिलिमीटरसाठी बेतलेल्या फ्रेममध्ये १२० मिलिमीटरचा चिमटा घातला की पुढचा भाग वर उचलला जातो, हँडल चढावर भरकटते आणि चिमट्याची लांब झालेली तरफ फ्रेमच्या डोक्याच्या जोडावर जास्त ताण टाकते. एवढेच असते तर मी तिला समजावून सांगितले असते आणि निर्णय तिच्यावर सोडला असता. आवाज मात्र दुसऱ्याच कारणाचा होता. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली, तर हेडसेटमध्ये, म्हणजे फ्रेमच्या डोक्यातल्या ज्या बेअरिंगवर हँडल वळते त्यात, किंचितही खेळ नव्हता. मग पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळले. फार जोर न लावता हँडल चाकापासून वेगळे फिरले आणि तोच करकर आवाज आला.

वरची टोपी उघडली. टोपीचा बोल्ट बाहेर काढायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला, कारण तो नेहमीपेक्षा लांब होता. मोबाइलच्या उजेडात आत पाहिले, तर स्टेमच्या, म्हणजे हँडलला चिमट्याशी जोडणाऱ्या पकडीच्या, वरच्या अर्ध्या भागात काहीच नव्हते. चिमट्याची दांडी, म्हणजे फ्रेमच्या डोक्यातून वर येऊन स्टेममध्ये शिरणारी त्याची नळी, नातेवाइकाच्या लहान फ्रेमच्या मापाने कापलेली होती. स्टेमची पकड ४० मिलिमीटर उंचीची आणि दांडी तिच्यात जेमतेम १८ मिलिमीटर शिरलेली. स्टेमच्या दोन बोल्टांपैकी खालचा दांडीच्या टोकाला चिमटीत धरून होता आणि वरचा नुसत्या पोकळीवर आवळलेला होता. दांडी स्टेमच्या वरच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली असावी लागते, म्हणजे टोपी आवळल्यावर बेअरिंग दाबले जाते आणि पकडही पूर्ण मिळते. इथे लांब बोल्ट घालून बेअरिंग व्यवस्थित दाबले होते, त्यामुळे बाहेरून सगळे ठाकठीक दिसत होते. मूळ बोल्ट दांडीत ठोकलेल्या, त्याला धरणाऱ्या स्टार नटापर्यंत पोहोचलाच नसता. म्हणजे ज्याने हे जोडले, त्याला दांडी आखूड आहे हे माहीत होते, आणि त्याने त्यासाठी मुद्दाम लांब बोल्ट शोधून आणला. अजाणतेपणी हे झाले असते तर मला इतके लागले नसते.

मी तिला बोलावून स्टेममध्ये वरून बोट घालायला सांगितले. तिचे बोट आत गेले, दांडीच्या कापलेल्या कडेला टेकले, आणि तिने लगेच बाहेर काढले. "म्हणजे हँडल एवढ्यावरच आहे?" तिने विचारले. मी हो म्हणालो. घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबला की अंगाचा सगळा भार हातांवर, म्हणजे हँडलवर, म्हणजे त्या टोकावर येतो. हँडल वाकडे झाले तर चाक सरळच जात राहते आणि वळण पुढे असते.

तिने वडिलांना फोन लावला आणि अंधार पडता पडता ते मोटरसायकलवर आले. मी त्यांनाही सगळे दाखवले, पण त्यांनी आत पाहिले नाही. ते म्हणाले, "भाऊ, या चिमट्याची किंमत सायकलीहून जास्त हाये. शहरातल्या दुकानदारानं बसवून देला, तो का अडाणी हाये? तुमी आवाज बंद करून द्या." मी सांगितले की आवाज बंद करणे सोपे आहे, पकडीत ग्रीस लावून खालचा बोल्ट आणखी आवळला की करकर थांबेल, आणि मग इशारा देणारी एकमेव गोष्टही उरणार नाही. जुना चिमटा घरून आणला तर रात्री बसून विनामूल्य बसवून देतो, असेही सांगितले. त्यांना ते मुलीसमोर कमीपणाचे वाटले असावे. "सायकल माही हाये, पैसे म्या देले. जशी हाये तशी द्या," ते म्हणाले.

मी दिली नाही. स्टेम सुटा केला, हँडल वायरींना लोंबत ठेवले आणि अशा अवस्थेत सायकल दुकानाबाहेर जाणार नाही, असे शांतपणे सांगितले. ते बरेच बोलले. शेजारचे दुकानदार जमले. त्यातले एक-दोघे मलाच समजावू लागले की गिऱ्हाईक तोडू नये. मुलगी एका बाजूला उभी होती आणि एक शब्दही बोलली नाही. शेवटी वडील तिला मोटरसायकलवर बसवून निघून गेले आणि सायकल माझ्याकडे राहिली. मावसभावंडे पहाटे तिच्याशिवाय गेली.

पुढे तिने स्वतः जुना चिमटा एसटीने आणला, तो मी बसवला, आणि त्याच हिवाळ्यात तिने घाट केला. वडील मात्र दुकानात आलेले नाहीत. शेतावरच्या गड्यांच्या सायकलीही आता दुसरीकडे जातात.

अचलपुरातल्या माझ्या जुन्या मेकॅनिक स्नेह्याला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला की मी वेडेपणा केला. त्याच्या मते बिलावर ठळक लिहायचे, "सायकल चालवण्यास धोकादायक", गिऱ्हाइकाची सही घ्यायची आणि सायकल द्यायची. मोटारगाडी असती तर आरटीओ आहे, तपासणी आहे. सायकलला नोंदणी नाही, तिला रस्त्यावरून काढणारे कोणी नाही, आणि मेकॅनिक काही सरकार नव्हे. त्याचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बहुधा खरे असेल. पण सही केली असती वडिलांनी आणि घाट उतरली असती मुलगी. ज्याच्या हाडांवर बेतणार त्याची सही नसेल, तर त्या कागदाने माझी सुटका होते असे मी मानू शकत नाही. शिवाय अशा सह्यांमुळेच लांब बोल्ट घालणाऱ्या दुकानदारांचे फावते. प्रत्येक जण आपापला कागद सांभाळतो आणि दांडी कोणी मोजत नाही.

आता बाहेरून आणलेला चिमटा कोणी घेऊन आला, तर मी काम हातात घेण्याआधीच त्याच्या देखत डोक्याची नळी, हेडसेटच्या वाट्या आणि स्टेम मोजून बेरीज पाटीवर लिहितो आणि दांडी त्या शेजारी धरून दाखवतो. आखूड भरली तर चिमटा तसाच परत देतो. त्यामुळे माझ्या दुकानापुरता हा प्रसंग टळेल.

मला खरे अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. त्या संध्याकाळी मुलगी गप्प होती आणि तिच्या गप्प राहण्याला मी संमती धरले. ती वयाने सज्ञान आहे, तिने स्टेममध्ये बोट घालून सगळे समजून घेतले होते, आणि वडिलांऐवजी तिनेच म्हटले असते की काका, मला धोका कळला आहे, तरी माझी सायकल मला द्या, तर मी काय केले असते? मला वाटते, तेव्हाही मी हँडल लोंबतेच ठेवले असते. पण मग वडिलांविरुद्ध जो युक्तिवाद मी स्नेह्यापुढे केला, त्याचा आधार मला घेता आला नसता.