शहाबादला जाऊन फरशी आणली, त्याची गोष्ट

अक्कलकोट तालुक्यातल्या आमच्या घराची सोप्यातली फरशी उखडली होती. मुलांनी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सचा आग्रह धरला, पण आई अडून बसली: "पायाला गार लागेल तीच घाल." सोलापुरात दोन दुकानं पाहिली. तिथं नमुना वेगळा दाखवला आणि ढिगात माल वेगळाच निघाला. मग शहाबादी फरशी जिथली, ते कर्नाटकातलं शहाबादच सरळ गाठायचं ठरवलं.

सोलापूरहून वाडीच्या दिशेनं जाताना कलबुर्गीच्या पुढे शहाबाद स्टेशन लागतं. तिथं थांबणारी गाडी आधी बघून ठेवा, सगळ्या गाड्या थांबत नाहीत. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला नुसतं "फरशी" म्हटलं तरी पुरतं. आई सोबत होती हे फार बरं झालं. तिनं कानडीत बोलायला सुरुवात केली आणि कारखान्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी स्वतः उठून माल दाखवला.

हा चुनखडीचा दगड खाणीत थरांनीच बसलेला असतो, म्हणून त्याच्या लाद्या निघतात. आणि म्हणूनच कच्च्या लादीचा पापुद्रा सुटतो. मिस्त्रींनी एक लादी उभी धरून हातोडीच्या दांड्यानं वाजवली, खणखणीत आवाज आला. शेजारची बद्द वाजली. तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं, तशी कोपऱ्यापासून केसासारखी चीर ओली होऊन उठून दिसली. कोरडी असताना ती मला अजिबात दिसली नव्हती. तेव्हा वाजवून आणि भिजवून घेतल्याशिवाय एकही लादी गाडीत चढवू देऊ नका. रंगाचा फरकही ओल्यातच कळतो. काटकोनासाठी दोरीनं दोन्ही कर्ण मोजा, मशीन कट असली तरी.

वजनाचा अंदाज आधीच करा. इंचभर जाडीची लादी चौरस फुटाला सहा किलोच्या आसपास भरते. आम्हाला सहा ब्रास, म्हणजे 600 चौरस फूट हवी होती. साडेतीन टनांच्या वर गेली. त्यामुळे भाव ठरवताना भाडं, भरण्या-उतरवण्याची हमाली आणि वाटेतल्या फुटीचा हिशेब एकत्रच बोला. मी फुटीचं बोललो नाही आणि अकरा लाद्या तुटून आल्या. दहा टक्के जास्तच मागवा, नंतर त्या रंगाची मिळत नाही. राज्याची हद्द ओलांडायची असल्यानं 50,000 रुपयांच्या वरच्या मालाला पक्कं बिल आणि ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन काढायचा कागद) लागतं, तेही गाडी सुटण्याआधी हातात घ्या.

बसवल्यावर गवंडी सिमेंटचे डाग काढायला अ‍ॅसिड ओततात. चुनखडीला ते खातं, लादी पांढरट पडते. आमच्या गवंड्याला मी पहिल्याच दिवशी बजावलं, त्यानं साध्या पाण्यानं आणि काथ्यानं घासून काढलं.

आता आई दुपारी चटई न टाकताच सोप्यात आडवी होते.