गाडीमागचं घर किती फुटांचं असावं?

आमचा ट्रेलर १२ फुटांचा आहे. ही खोलीची लांबी. गाडीला जोडायची पुढची दांडी धरून तो १६ फूट भरतो. रुंदी साडेसहा फूट. मी आणि माझे यजमान, दोघेही निवृत्त. गोव्यातल्या डिचोलीचं घर दिरांच्या हवाली करून वर्षाचे बहुतेक महिने फिरत राहायचं, मुक्काम शक्यतो झाडांत आणि पाण्याजवळ करायचा, असं आमचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न आकाराचाच आला. तो सुटायला बराच काळ गेला. कसा सुटला ते सविस्तर लिहिते, कारण आम्हांला विचारणारी माणसं पलंग केवढा आणि ओटा किती लांब एवढंच विचारतात. आमचं माप मात्र रस्त्यांनी, फेरीच्या धक्क्यांनी आणि घाटांनी ठरवलं.

गोव्यात ट्रेलर घेऊन राहायचं कुठे, हे आधी बघावं लागलं. समुद्रकिनाऱ्यावर गाडी उतरवायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. वाळूत कासवं अंडी घालतात. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत, तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम होत नाही. पर्यटनस्थळांवर उघड्यावर चूल किंवा शेगडी पेटवायलाही मनाई आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून त्यासाठी दंड आहे. मग उरतात ती ओळखीपाळखीच्या लोकांची कुळागरं म्हणजे सुपारीच्या बागा, काजूच्या बागा, देवळाजवळच्या मोकळ्या जागा. मालकाला विचारायचं, त्याने हो म्हटलं की थांबायचं. ही जागा सर्वांत सुंदर असते. सुपारीची सावली, पाटाचं पाणी, संध्याकाळी मलबारी धनेशाची हाक. पण तिथवर जाणारा रस्ता एका गाडीपुरता असतो, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आणि मध्येच काटकोनात वळण.

म्हणून आम्ही टेप घेऊन निघालो. सत्तरीत, सांग्यात, काणकोणात जिथे जिथे राहायची इच्छा होती तिथल्या वाटा मोजल्या. गडग्यापासून गडग्यापर्यंत साडेआठ-नऊ फूट ही नेहमीची रुंदी. सात फुटांवर रुंद ट्रेलर तिथून सरळ जाईल, पण वळताना अडकेल. वळणावर मागची चाकं गाडीच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आतून कापत जातात; दांडीच्या टोकापासून एक्सलपर्यंतचं, म्हणजे ट्रेलरच्या चाकांच्या आसापर्यंतचं, अंतर जितकं जास्त तितकी ती अधिक आत घुसतात. हे नुसतं ऐकून समाधान होईना. यजमानांच्या एका मित्राकडे होडी वाहून नेण्याचा लांब ट्रेलर आहे, तो मागून आणला आणि वाळपईच्या पलीकडच्या एका कुळागरापर्यंत रिकामाच ओढून नेला. तिसऱ्या वळणावर आतलं चाक गटाराच्या काठावर चढलं. मी उतरून मागे उभी होते. चाक आणि गडगा यांच्यात तळहात मावेना. १६ फुटांच्या खोलीचा विचार आम्ही तिथेच सोडला.

दुसरी परीक्षा फेरीबोटीची. गोव्यात राहून फेरी टाळायची म्हणजे चोडण आणि तेरेखोलची सरळ वाट सोडायची, आणि चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्याकडे दर वेळी वळसा घालून जायचं हे मला मान्यच नव्हतं. फेरीचा उतार भरतीला जवळजवळ सपाट असतो, सुकतीला मात्र खडा होतो. गाडी उतारावरून फेरीत शिरते तेव्हा ट्रेलरचं शेपूट खाली झुकतं. एक्सलच्या मागे खोली जितकी जास्त बाहेर, तितकी ती सिमेंटवर घासण्याची शक्यता अधिक. १२ फुटांत एक्सलमागे साधारण पाच फूट राहतात, १६ फुटांत सात. केरीच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी उभं राहून आम्ही इतर गाड्यांची शेपटं पाहिली, फेरीवरच्या माणसांशी बोललो. त्यांचं उत्तर सोपं होतं: लांब काही आणायचं असेल तर भरतीला या. १२ फुटांचा, जरा उंच चाकांचा ट्रेलर आम्ही मध्यम पाण्यालाही नेतो. अगदी सुकती असली तर थांबतो; चहा प्यायला कारण मिळतं.

पावसाळ्यात आम्ही घाट चढून वर जाणार होतो, पूर्वेकडच्या कमी पावसाच्या मुलखात, आणि चवथीला घरी परतणार. म्हणजे चोर्ला नाहीतर अनमोड आलाच. इथे फुटांपेक्षा किलो महत्त्वाचे ठरले. आमची गाडी रिकामी साधारण १,७०० किलोंची. ब्रिटनमधल्या कॅराव्हॅनवाल्यांत एक संकेत आहे: नवशिक्याने भरलेल्या ट्रेलरचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नये. अर्थात गाडीच्या कंपनीने ओढायची मर्यादा लिहून दिली असेल तर तीच आधी पाळायची. ट्रेलर बांधून देणाऱ्या फॅब्रिकेटरच्या अंदाजाने १६ फुटी ट्रेलर सामानासकट १,७०० च्या घरात गेला असता, म्हणजे गाडी आणि ट्रेलर सारख्याच वजनाचे. १२ फुटी १,१५० वर थांबतो. आपल्याकडे ७५० किलोंपर्यंतचे ट्रेलर टी-१ वर्गात येतात, त्यावरचे साडेतीन टनांपर्यंत टी-२ मध्ये. काही काळ मलाही टी-१ मध्येच बसवायचा मोह झाला होता, पण दोन माणसांचं वर्षभराचं सामान त्यात मावत नाही. आम्ही टी-२ घेतला आणि त्याला स्वतःचे ब्रेक बसवले. उतारावर ट्रेलर गाडीला ढकलायला लागला की दांडीतला दट्ट्या दबतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. चोर्ल्याच्या उतारावर दुसऱ्या गियरमध्ये येताना मला हे ब्रेक घरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा प्रिय वाटतात.

एवढं झाल्यावर आतल्या जागेचा प्रश्न आला. दिवाणखान्यातलं सामान बाजूला सारून आम्ही जमिनीवर खडूने खोली आखली. आधी १० फूट, मग १२, मग १४. दारं-खिडक्या, पलंग, ओटा, सगळं आखलं आणि भर आषाढात, बाहेर धो धो पाऊस असताना, त्या रेषांच्या आत दिवस काढले. स्वयंपाकाची शेगडी आत आणली, कपडे आत वाळत घातले. १० फुटांत पलंग रोज उघडायचा आणि रोज मिटायचा. एकजण भाजी चिरायला बसला की दुसऱ्याला उठता येत नाही. आठवड्याच्या सहलीला ते गोड वाटेल. कायमचं राहायचं तर कंबर आणि स्वभाव दोन्ही दुखतात. १४ फुटांत छान मोकळं वाटलं, पण ती दोन फुटं नेमकी कशाने भरतील ते आम्हांला माहीत होतं: पुस्तकं, भांडी, जास्तीची अंथरुणं, म्हणजे वजन. १२ फुटांत पलंग आडवा बसतो, चार फूट रुंद, कायमचा. भिंती वगळून आत सव्वासहा फूट मिळतात आणि यजमान पाच फूट आठ इंच, तेव्हा पाय दुमडावे लागत नाहीत. मागे ओटा, कोपऱ्यात न्हाणी-संडासाची अडीच बाय तीनची जागा, मध्ये दोघांना समोरासमोर बसायला टेबल.

मागचं झाकण उघडून बाहेर उभ्याने स्वयंपाक करायचा, असे थेंबाच्या आकाराचे छोटे ट्रेलर मिळतात. दिसायला देखणे. पण वर सांगितलेला दंड आणि आमचा पाऊस, दोन्हींमुळे ओटा आतच हवा होता. छप्पर वर उचलायचं, मधे कापड, हाही प्रकार पाहिला. ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात ते कापड वाळणार कधी? बुरशी आली की जात नाही. छप्पर पक्कं घेतलं, उभं राहता येईल इतकं उंच. समोरासमोर दोन खिडक्या आणि वर झरोका हवाच, कारण लहान खोलीत दोघांच्या श्वासाची वाफसुद्धा सकाळी भिंतीवर दिसते. सांगाडा अॅल्युमिनियमचा, चेसिस जस्ताचा लेप दिलेलं. खारी हवा साध्या लोखंडाला सोडत नाही.

फॅब्रिकेटर भला माणूस, पण त्याचा आग्रह मोठ्याचा. "बाय, चार फूट वाढवले तर पैसे फार वाढत नाहीत, मागाहून म्हणाल लहान झालं," असं तो पुन्हा पुन्हा सांगे. पत्र्याचे पैसे खरंच फार वाढत नाहीत. वाढतं ते पाणी, बॅटरी, टायर, डिझेल. पाण्याचंच बघा. काटकसरीने आम्हां दोघांना दिवसाला २५ ते ३० लिटर लागतं. १०० लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, म्हणून ती एक्सलच्या बरोबर वर ठेवली. पुढे ठेवली असती तर पाणी संपेल तसा दांडीवरचा भार बदलत गेला असता. हा भार फार कमी झाला तर ट्रेलर वेगात शेपटासारखा डुलतो. फार वाढला तर गाडीची मागची बाजू बसते आणि पुढच्या चाकांची पकड सुटते. अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के सांगतात, युरोपात ५ ते ७. आमचा ९० किलोंच्या आसपास येतो, हिचच्या, म्हणजे गाडीमागच्या जोडाच्या, मर्यादेत, आणि ट्रेलर शांत चालतो. बॅटरी लिथियमची. शिश्याची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोंच्या वर जाते आणि तिची निम्मीच वीज वापरावी असं म्हणतात. लिथियमची १०० ची १२-१३ किलोंत येते आणि जवळजवळ सगळी वापरता येते. छपरावर सौर पॅनेल आहेत, त्यामुळे माडाखाली ट्रेलर कधीही लावायचा नाही.

सामान भरल्यावर वजनकाट्यावर जायला विसरू नका. चिरे-वाळूचे ट्रक जिथे तोलतात तिथेच गेलो; आधी गाडी एकटी, मग दोन्ही मिळून, मग ट्रेलर सोडवून तो एकटा. कागदावरचा आणि काट्यावरचा आकडा जुळेपर्यंत दोन पेट्या घरी परत गेल्या. त्यातली एक माझ्या पुस्तकांची होती आणि ती ठेवताना मला वाईट वाटलं.

आखूड ट्रेलरची एक अडचण मात्र आधीच माहीत असावी. रिव्हर्स घेताना तो लांबापेक्षा अवघड जातो, स्टीअरिंग जरासं फिरवलं की झटकन काटकोनात वळतो. यजमानांनी सड्यावर, मोकळ्या कातळावर दगड मांडून सराव केला, मी मागे उभी राहून हाताने दिशा दाखवत होते. आता हातवारे ठरलेले आहेत आणि ओरडावं लागत नाही.

माझ्या भाचीला दोन मुलं आहेत आणि तिलाही असंच निघायचं आहे. तिच्यासाठी मी १४ फूट धरले आहेत, मुलांना एकावर एक बिछाने आणि रुंदी तीच साडेसहा, कारण गडगे तिच्यासाठी सरकणार नाहीत. पण तिची गाडी १,२०० किलोंच्या आत आहे. तेव्हा आधी गाडीचं ठरव, मग खडू घेऊन मी येते, असं तिला कळवलं आहे.