कोकणकन्येतून उतरून भुयारी मेट्रोने

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबईला निघणाऱ्यांना मी आधी हे सांगतो: पुढे भुयारी मेट्रो धरायची असेल तर दादरला उतरू नका, सीएसएमटीपर्यंत या. दादरचं मेट्रो स्थानक पश्चिमेला, शिवाजी मंदिराच्या बाजूला आहे आणि आपल्या गाड्या लागतात मध्य रेल्वेच्या फलाटांवर. सामान घेऊन पूल चढायचा आणि बाजारातून वाट काढायची, यात जीव नकोसा होतो. सीएसएमटीला सबवेतून मेट्रोत शिरता येतं. तुतारी एक्स्प्रेस मात्र दादरलाच संपते, तिथे इलाज नाही.

आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा, २७ स्थानकांचा मार्ग ९ ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू आहे. तिकीट १० ते ७० रुपये. स्थानकांची नावं घरूनच बघून निघा. मुंबई सेंट्रलच्या एसटी डेपोसाठी ‘जगन्नाथ शंकर शेठ’ला उतरायचं, मंत्रालयासाठी ‘विधान भवन’ला, हायकोर्टासाठी ‘हुतात्मा चौका’त. विमानाने आखातात निघालेल्यांनी विमानतळाच्या टी-१ला (टर्मिनल १) उतरू नये, टी-२ गाठावं.

जमिनीखाली मोबाइलची रेंज भरवशाची नाही, म्हणून क्यूआर तिकीट वरच काढून फोनमध्ये ठेवा. वयस्कर माणसांसाठी मला खिडकीवरचं कागदी तिकीटच बरं वाटतं. फक्त घडी कोडवरून जाता कामा नये, चुरगळलेला कोड गेट वाचत नाही. कोड काचेवर धरायचा, झडपा उघडल्या की लगेच आत जायचं. मागे नातवंडं राहिली म्हणून थांबलात तर झडपा मिटतात. यंत्राच्या हिशेबी तुम्ही आत गेलेले असता, त्यामुळे तेच तिकीट पुन्हा चालत नाही. तेव्हा ग्राहक मदत खिडकी गाठावी लागते. म्हणून मुलांना पुढे घाला. बाहेर पडतानाही तोच कोड लागतो, तिकीट टाकू नका.

सामान एक्स-रे यंत्रातून जातं. कोयता, विळी पिशवीत असेल तर अडवतील. जड खोक्यांना सरकता जिना नको, लिफ्ट शोधा.

परतीला सीएसएमटीला मेट्रोतून वर आल्यावर किमान अर्धा तास हाताशी ठेवा. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे शेवटचे फलाट पार पलीकडे, पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूला आहेत.