सुईच्या वेळचा पतंग : आमची वाटचाल

सुई टोचताना मुलांचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून आम्ही व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमधलं आभासी जग, वापरतो. आमचा पहिला हेडसेट म्हणजे २०१६ साली घेतलेला सॅमसंगचा गिअर व्हीआर. आत फोन अडकवायचा, तो तापला की गेम बंद. तो आणि त्यातले डॉल्फिन घेऊन पुण्यात थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराच्या एका डे-केअरमध्ये गेलो, तेव्हा तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "माझी मुलं दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला येतात. तुमचे डॉल्फिन दोनदा बघतील, तिसऱ्यांदा हात ओढून घेतील."

त्यातून आमचा पतंगाचा गेम निघाला. मूल पतंगाकडे बघतं तोवर तो चढतो. नजर हाताकडे वळली की गोते खातो. रिमोट नाही, बटण नाही, कारण एक हात सिस्टरांकडे आणि दुसरा आईच्या हातात. दंडावरचा पट्टा आवळला की ढील, शीर सापडली की पेच. ही खूण सिस्टर टॅबवर देतात. अमेरिकेत सिएटलला हॉफमन आणि पॅटरसन या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांना ड्रेसिंगच्या वेळी व्हीआरमधल्या बर्फाच्या जगात नेलं, ते याच तत्त्वावर. वेदना जाणवायलाही लक्ष लागतं, आणि माणसाकडे ते मोजकंच असतं.

२०१९ मध्ये एका कंपनीने आमचा डेमो पाहिला आणि महिनाभरात वॉर्डांना निम्म्या दराने आपले हेडसेट वाटले. आत काय, तर नेटवरून उतरवलेला रोलरकोस्टर! अंग खाटेवर स्थिर, डोळ्यांना वेग, मळमळणारच. एका मुलाला उलटी झाली, सुई निसटली. भोगलं आम्ही. 'व्हीआर नको' असं सरसकट ठरलं आणि आमच्या सहांपैकी पाच वॉर्ड गेले. ते अजून विसरता येत नाही. पाठोपाठ करोना. एकाच्या तोंडावरचा हेडसेट दुसऱ्याला कोण लावणार? ऑफिसची जागा सोडली.

सिस्टरांनी मात्र हेडसेट परत केला नाही. "फोम काढा, पुसता येईल असं काहीतरी लावा," एवढंच म्हणाल्या. सोफेवाल्याकडून रेक्झिनच्या गाद्या शिवून घेतल्या. त्यावर पुन्हा उभे राहिलो.

या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, लेन्सला स्पिरिट लावू नका, कोटिंग जातं. बधिर करणारं क्रीम तासभर आधी लावायचंच. हेडसेट त्याच्या जोडीला आहे, बदली नव्हे. आणि मुलाला 'दुखणार नाही' असं कधीही सांगू नका, पुढच्या वेळी ते तुमचं काहीच ऐकणार नाही.

पहिल्या दिवशीची सात वर्षांची मुलगी आता अकरावीत आहे. मागच्या खेपेला ती स्वतःचं रक्त चालू असताना शेजारच्या खाटेवरच्या पोराला हेडसेटचा पट्टा कुठे बसवायचा ते सांगत होती, कानाच्या बरोबर वर.