दोघंच उरल्यावर बक्षीस वाटून घ्यावं का, आणि कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न असा की ऑनलाइन पोकर स्पर्धेत शेवटी दोघंच उरले, तर निकाल लागायच्या आधी बक्षिसाची वाटणी करावी का, आणि करायची तर कुणाला किती? विचारणारे बरेचसे परदेशात राहणारे मराठी खेळाडू असतात. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, तेव्हा इथल्या वाचकांनी हे फक्त गणित म्हणून वाचावं.

वाटणीत गैर काही नाही. मात्र ती स्पर्धा चालवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत व्हावी आणि हिशेब चोख असावा. लोक फसतात ते बहुधा हिशेबात, म्हणून आधी तोच.

समजा पहिलं बक्षीस १०,००० डॉलर आणि दुसरं ७,०००. तुमच्याकडे ६० लाख चिप्स (स्पर्धेतली खेळायची नाणी, खरे पैसे नव्हेत) आहेत, समोरच्याकडे ४० लाख. घाईत सुचतं ते असं: एकूण १७,००० आहेत, ६०-४० करून टाकू. मग तुमच्या वाट्याला येतात १०,२००, म्हणजे पहिल्या बक्षिसापेक्षाही जास्त! आणि समोरच्याला ६,८००, म्हणजे हरूनही जे मिळणारच होतं त्याच्यापेक्षा कमी. असला प्रस्ताव कुणी मांडला तर त्याला हिशेब येत नाही, किंवा तुम्हाला येत नाही असं त्याने धरलं आहे.

दुसऱ्या क्रमांकाचे ७,००० दोघांचेही आधीच पक्के झालेले असतात. झुंज उरते ती फक्त फरकाच्या ३,००० साठी, आणि वाटायचे तेवढेच. त्याचे ६० टक्के म्हणजे १,८००, म्हणून तुमचे ८,८००; समोरच्याचे १,२०० धरून ८,२००. तीन किंवा जास्त खेळाडू असतील तर ‘आयसीएम’ नावाचं, चिप्सवरून प्रत्येकाचा बक्षिसातला वाटा काढणारं अवघड गणित लागतं. दोघंच असताना तेही नेमकं याच आकड्यांवर येतं, कारण दोघांचं कसब सारखं धरलं तर जिंकण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणातच असते.

ज्याच्याकडे चिप्स जास्त, त्याला जास्त पैसे. पुढे जिंको कुणीही. लंडनमध्ये २०१९ साली झालेल्या ट्रायटन मिलियन या पोकर स्पर्धेत (ही समोरासमोर बसून खेळलेली स्पर्धा, पण गणित तेच) पहिलं बक्षीस १ कोटी ९० लाख पौंडांचं होतं आणि दुसरं सुमारे १ कोटी १७ लाखांचं. ब्रिन केनी आणि आरन झँग यांनी वाटणी केली आणि मग झँग जिंकला. विजेत्या झँगला मिळाले सुमारे १ कोटी ३८ लाख, हरलेल्या केनीला सुमारे १ कोटी ६९ लाख. वाटणी झाली तेव्हा केनी चिप्समध्ये बराच पुढे होता. त्यामुळे यात कुणावर अन्याय झाला, असं मला अजिबात वाटत नाही.

आता कसबाचं. चिप्स ६० टक्के असल्या तरी आपण ६५ टक्के वेळा जिंकू असं तुम्हाला खरोखर वाटत असेल, तर खेळण्याची सरासरी किंमत ८,९५० होते. म्हणजे वाटणी करून तुम्ही १५० डॉलर सोडता आणि त्या बदल्यात ३,००० ची टांगती तलवार काढून घेता. हे १५० सोडायचे की नाही, ते ब्लाइंडकडे (दर डावाला सक्तीने लावायच्या, वाढत जाणाऱ्या चिप्सकडे; त्यातला मोठा तो मोठा ब्लाइंड) बघून ठरवा. मोठा ब्लाइंड ५ लाखांवर गेला असेल, तर टेबलावरच्या १ कोटी चिप्स म्हणजे अवघे २० ब्लाइंड, आणि समोरच्याकडे ८ च. तिथे ‘सगळं लावा नाहीतर पानं टाका’ एवढाच खेळ उरतो, कसबाला फारसा वाव नाही; वाटणी करा. मोठा ब्लाइंड ५० हजार असेल तर टेबलावर २०० ब्लाइंड आहेत. तुमचं कसब वरचढ असेल तर खेळा.

पद्धत अशी. मोठ्या साइटवर फायनल टेबलला (शेवटी उरलेल्यांच्या टेबलाला) डीलचा, म्हणजे वाटणीच्या कराराचा पर्याय असतो. राहिलेल्या सगळ्यांनी तो निवडला की चालू डाव संपल्यावर टेबल थांबतं, चिप्स गोठतात आणि साइट आकडे दाखवते. बऱ्याचदा काही रक्कम विजेत्यासाठी टेबलावर ठेवायची अटच असते. ५०० ठेवायचे असतील, तर ते आधी फरकातून वजा करा: २,५०० चे ६० टक्के १,५००, म्हणून तुमचे ८,५००, समोरच्याचे ८,०००, आणि जिंकेल त्याला वर ५००. अट नसली तरी ही रक्कम ठेवावीच, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर पुढचा खेळ म्हणजे निव्वळ नुरा कुस्ती, आणि बघणाऱ्यांची ती फसवणूक आहे. मान्य करण्याआधी दोन्ही रकमा आणि राखीव रक्कम यांची बेरीज १७,००० येते का, तेवढी करून बघा.

टेबल थांबलेलं नसताना चॅटमध्ये घासाघीस करत बसू नका. घड्याळ चालू असतं, ब्लाइंड चढतात आणि नुकसान चांगल्या खेळाडूचं होतं. डीलची सोय नसेल तर थेट साइटच्या मदत विभागाला कळवा. ‘जिंकल्यावर तुझा वाटा पाठवतो’ हा तोंडी करार करू नका. पैसे आले नाहीत तर दाद मागायला जागा नाही, आणि कागदोपत्री सगळी रक्कम ज्याच्या खात्यात आली, कराचा हिशेबही त्याच्याच नावावर राहतो.

बाउंटी (खेळाडूला बाद करणाऱ्याला मिळणारं इनाम) असलेल्या स्पर्धेत आणखी एक मेख असते. ज्या प्रकारात बाद करणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यावरचं इनाम वाढत जातं, तिथे शेवटी जिंकणाऱ्याला समोरच्याचं आणि स्वतःचं अशी दोन्ही इनामं मिळतात. डीलच्या आकड्यांत ती धरलेली आहेत की नाहीत, हे होकार देण्याआधी विचारून घ्या. नसतील तर ती विजेत्याकडेच जाणार, म्हणजे वाटणीनंतरही खेळायला बरंच काही उरलेलं असतं.

पहिल्यापासून दोघांतच असलेल्या सामन्यात मात्र सुरुवातीलाच वाटणी करणं निरर्थक आहे. प्रत्येकी १० डॉलर आणि वर ५० सेंट फी भरून निम्मं-निम्मं केलंत, तर दोघांनीही ५० सेंट फुकट घालवले. आणि त्याच जोडीने पुन:पुन्हा असं केलं, तर साइट ते संगनमत समजून खाती गोठवू शकते.

हा सगळा हिशेब पोकरचा. दुसऱ्या खेळात तो जसाच्या तसा नेऊ नका. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धांमध्ये बाद फेरीच्या अंतिम सामन्यात बक्षीस वाटून घेता येतं, पण मग दोघांपैकी एकाने स्पर्धेतून माघार घ्यावी लागते. ‘तू हार, मी पैसे देतो’ ही मात्र तिथे लाच ठरते आणि नाणं उडवून विजेता ठरवणंही चालत नाही. ई-स्पोर्ट्समध्ये (व्हिडिओ गेमच्या स्पर्धांमध्ये) तर सहसा हा विषयच काढू नये. २०१२ साली अमेरिकेत रॅली शहरात झालेल्या एमएलजी (मेजर लीग गेमिंग) स्पर्धेत ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या व्हिडिओ गेमच्या अंतिम फेरीतले दोन्ही संघ, कर्स आणि डिग्निटास, संगनमताबद्दल बाद झाले आणि दोघांचीही बक्षिसं गेली. तेव्हा नियमावलीत बक्षीस वाटण्याबद्दल काय लिहिलंय ते नाव नोंदवतानाच वाचा. अंतिम फेरीत ते शोधायला वेळ मिळत नाही.