वरात साऱ्या गावाची, नवरी मात्र पडद्याआड

इस्तंबूलला निळ्या मशिदीशेजारी जो लांबलचक मोकळा चौक आहे, तिथे इजिप्तहून आणलेल्या स्तंभासमोर फोटो काढणाऱ्यांची सदैव गर्दी असते. उस्मानी (ऑटोमन) तुर्कांच्या काळात हे आत मेयदानी, म्हणजे घोड्यांचं मैदान. सुलतान सुलेमानचा वजीर इब्राहिम पाशा याच्या लग्नाचा सोहळा १५२४ साली इथेच रंगला. त्याच्या नावाचा वाडा अजून चौकाच्या कडेला उभा आहे, आता त्यात संग्रहालय आहे.

शाही वरातीत खरा मान असायचा तो नाहिलचा. लाकूड आणि तारेचा उंच, वर निमुळता होत गेलेला सांगाडा, त्यावर मेणाची फळं-फुलं, रंगीत कागद आणि चमकी. फळांनी लगडलेलं झाड म्हणजे भरभराट आणि मुलंबाळं, अशी त्यामागची कल्पना. मोठे नाहिल उचलायला माणसांचा जथाच लागे. त्यात शहराच्या गल्ल्या अरुंद आणि घरांचे सज्जे पुढे आलेले. मग नाहिल लहान करायचा? छे! सज्जे पाडायचे. शाही मिरवणुकींसाठी असं केल्याच्या नोंदी आहेत. एदिर्ने शहरात १६७५ साली सुलतान चौथ्या मेहमेदने मुलांची सुंता आणि मुलगी हातिजे सुलतान हिचं लग्न एकाच उत्सवात उरकलं. उरकलं म्हणणं जरा अन्यायाचं आहे, कारण उत्सव कित्येक दिवस चालला होता.

मला गंमत वाटते ती याची, की एवढ्या थाटात सगळं दिसायचं, फक्त नवरी दिसायची नाही.

साध्या घरांतही तेच. आधी मुलाकडच्या बायका मुलगी बघायला येत. मुलगी कॉफी देऊन समोर उभी राहायची आणि कप रिकामे होईपर्यंत तिथून हलायचं नाही, हा शिरस्ता. साहजिकच पाहुण्या बायका घोट घोट लांबवत पीत. मुलाला तिचं वर्णन घरी आल्यावर ऐकायला मिळे. निकाहाच्या वेळीही दोघं समोरासमोर नसत, वकील, म्हणजे दोघांच्या वतीने बोलणारे प्रतिनिधी, आणि साक्षीदार यांच्यावर काम भागे. मेहर, म्हणजे नवऱ्याने नवरीला द्यायची रक्कम, तिथेच ठरे, काही आधी द्यायची आणि काही राखून ठेवायची.

इस्तंबूलमध्ये लग्नाचा आठवडा साधारण असा: सोमवारी मुलीचं सामान वाजतगाजत सासरी जाई आणि तिथे आपल्या रुखवतासारखं मांडून ठेवत. मंगळवारी बायकांचं हमाम, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहातली अंघोळ. बुधवारी कना गेजेसी, म्हणजे मेंदीची रात्र. माहेर सुटण्याची गाणी अशी म्हणायची की नवरीला रडू यायलाच हवं. नवरी मूठ घट्ट मिटून बसते, सासूने तळहातावर सोन्याचं नाणं ठेवलं की मगच उघडते. ही पद्धत आजही आहे. माझ्या मते सगळ्या विधींत हाच सर्वांत मोकळाढाकळा, कारण इथे नवरीला निदान अडून बसता येतं.

गुरुवारी वरात. पुढे ढोल आणि सनईच्या कुळातलं झुर्ना. खेड्यात नवरी घोड्यावर, तोंडावर लाल पदर, शहरात बंद गाडीत. सासरच्या दारात नवरा तिचा हात धरून, नाणी उधळत तिला गर्दीतून आत नेई. रात्री तो एखादा दागिना देई, त्यानंतरच ती पदर बाजूला करे. त्या दागिन्याला म्हणतातच ‘तोंड बघण्याची भेट’.

पांढरा पोशाख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजघराण्यातून रुळू लागला. त्याआधी लाल किंवा जरीकाम केलेलं जांभळं मखमल. पुढे तुर्कस्तानात १९२६ च्या नव्या कायद्याने नोंदणी विवाह सक्तीचा केला आणि वधूवर अधिकाऱ्यापुढे शेजारी शेजारी बसू लागले.

घोडे आता गेले. हल्ली लग्नाच्या गाड्या हॉर्न वाजवत गल्लीत शिरतात, पोरं रस्त्यात आडवी उभी राहतात आणि पैशांचं पाकीट हातात पडल्याशिवाय नवरीची गाडी सोडत नाहीत.